एक्झिट दोन

दवाखाना समोर दिसतो.
काचेतून त्याची हिरवी पाटी वाचता येते,
खालचा औषधवाला शटर अर्धं वर करून
पायरीवर पाणी मारताना दिसतो.
मध्ये चौदा पदरी रस्ता,
आणि आपल्याला बाहेर सोडणारं एकच दार,
ते रस्त्याच्या अलीकडे.

हाकेच्या अंतरावर, म्हणतात आपल्याकडे.
इथे हाक मारली तर काच धुरकटते फक्त.

कुमुदिनीच्या गुडघ्याची वेळ साडेनऊची.
नऊ दहाला उतरलो.
बाण म्हणाला, उजवीकडे.
उजवीकडचा सरकता पट्टा बंद,
पुढचा चालू, पण उलटा.
लिफ्ट आहे, ती पार्किंगच्या मजल्यावर नेते.
गाडी असलेला मेट्रोने येईल कशाला?
पुन्हा वर. पुन्हा तोच बाण.
बाक नाही, कारण बाक असला की माणसं बसतात.
ती खांबाला टेकली.
खांब सुंदर आहे, शिंपल्याच्या पोटासारखा चमकतो,
पाठीला मात्र निसटता.

"कुठल्या गाढवाने काढलंय हो हे?"

मी.

म्हणजे एकटा नाही. अकरा जण होतो,
देऱ्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत टपटपायचं,
रोवेना कानात गाणी घालून जिने काढायची,
बीरान कोया छपरं.
ही तेव्हा कणकवलीला. मी फोनवर सांगायचो, काम चाललंय.
हा पूल माझ्याकडे होता.
एकास पाचशे. कागदावर हातभर.
बोट फिरवलं की पोचलो.
कागदावर ऊन नव्हतं.
कागदावर ठेवायची तयार माणसं असतात,
ब्रीफकेसवाली, एका पावलात गोठलेली.
त्यांना गुडघे नव्हते.

आणि एक्झिट दोन होता.
शपथेवर सांगतो, होता.
पलीकडे तेव्हा वाळू, एक टायरवाला,
आणि मागे कामगारांच्या खोल्या, दोरीवर निळे डगले.
नाबिल साहेब बैठकीतून लाल पेन घेऊन आले.
म्हणाले, खर्च. म्हणाले, तिकडे राहतंय कोण?
मी रेषा निवडल्या.
एक बटण.
जिना गेला, छत गेलं, दार गेलं.
त्या नावाचा लेयर रिकामा उरला,
तो मी पुसला नाही.
का, ते विचारू नका.

तिला यातलं काही बोललो नाही.
म्हटलं, चल, थोडंच राहिलंय.

तेवढ्यात एक बाई आल्या,
सफाईचा गणवेश, हातात घामाने मऊ झालेली चिठ्ठी.
"भाईसाब, उस तरफ कैसे जाना?"
आणि माझा हात आपोआप उठला,
सरळ भिंतीकडे.
भिंतीवर अत्तराची जाहिरात, दोन पुरुष उंच.

तिच्यामागे काँक्रीट नाही. ब्लॉक आहेत.
रुंदी तीन मीटर.
पुढे कधी लागलं तर फोडता यावं म्हणून.
हे बहुतेक मलाच माहीत आहे आता.
कोया गेला. नाबिल साहेब कॅनडात.

मी हात खाली घेतला,
बाईंना लांबचा रस्ता सांगितला:
पूल, मग उन्हात शंभर पावलं, मग बस,
नाहीतर टॅक्सी, ती उड्डाणपुलावरून वळून येते,
अठ्ठावीस दिराम.
द्राविडी प्राणायामालाही इथे मीटर आहे.
बाईंनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी लहान,
आणि चालू लागल्या.

मग मी जाहिरातीवर टकटक केलं.
"काय करताय?"
"पोकळ वाजतंय का बघ."
कुमुदिनीने काही न विचारता कान लावला,
अत्तराच्या बाटलीला, डोळे मिटून,
पोळी फुगल्याचा अंदाज घ्यावा तशी.
"कुणीतरी चालतंय आत," म्हणाली.
मग हसली. "नाही, एसी असेल."

छातीवर टेकबहादुर लिहिलेला रक्षक आला,
हात जोडल्यासारखे करून म्हणाला,
इथे थांबता येत नाही, साहेब.
बाहेर जायचा रस्ता तिकडून.

नऊ चाळीस.
समोर औषधवाल्याची पायरी
केव्हाच वाळली होती.